फोलिक भरपूर, बी-१२ तळाला: सासूबाईंच्या पायाच्या मुंग्या वाढतच आहेत

महालची सून

नमस्कार. नागपूरहून लिहिते आहे, महाल भागात राहतो आम्ही. सासूबाईंबद्दल विचारायचं आहे. वय ६६, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. शुगर आहे, मेटफॉर्मिन कित्येक वर्षं चालू आहे. ॲसिडिटीची गोळीही सकाळी उपाशीपोटी रोज असतेच.

दिवाळीच्या आधी त्यांना फार थकवा यायला लागला. जिना चढून वरच्या देवघरात गेल्या की तिथेच बसून राहायच्या. हिमोग्लोबिन ८.२ निघालं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या आणि ५ मिलिग्रॅमची फोलिक ॲसिडची गोळी लिहून दिली. फरक पडला. हिमोग्लोबिन १०.९ झालं, चेहऱ्यावर तरतरी आली, आम्ही निर्धास्त झालो.

पाय मात्र बिघडतच चाललेत. मुंग्या आधी फक्त बोटांत होत्या, आता घोट्यापर्यंत आल्या. परवा बडकस चौकातून घरी येताना डाव्या पायातली चप्पल निसटली आणि त्यांना कळलंच नाही, मागून येणाऱ्या मुलाने हाक मारून आणून दिली. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, म्हणून एक हात नळाला घट्ट धरलेला असतो. सगळे म्हणतात शुगरमुळे होतं असं.

नवा रिपोर्ट असा आहे: बी-१२ १३८, फोलिक २० पेक्षा जास्त, डी ११, फेरिटिन (लोहाचा साठा) १९. माझे प्रश्न दोन. एक व्हिटॅमिन वर आणि दुसरं खाली, याचा एकमेकांशी काही संबंध असतो का? आणि सगळ्यावर मिळून एखादी चांगली मल्टिव्हिटॅमिनची गोळी सुरू केली तर भागेल का?

रविनगरचा दादा

ताई, टेन्शन नका घेऊ. आमच्या घरी सगळ्यांचं बी-१२ कमीच निघालं होतं. आम्ही रोज दही-ताक देऊन राहिलो, सोबत स्पिरुलिनाच्या गोळ्या. इंजेक्शनची एकदा सवय लागली की सुटत नाही म्हणतात. डीसाठी सकाळी कोवळ्या उन्हात बसवा, आपल्या नागपुरात उन्हाची काय कमी! महिनाभर करून पाहा, मग पुन्हा टेस्ट करा.

लिशमनवाल्या काकू

बेटा, महिनाभर थांबू नकोस. याच आठवड्यात त्यांना फिजिशियन किंवा न्यूरॉलॉजिस्टकडे ने. चप्पल निसटलेली न कळणं आणि डोळे मिटल्यावर तोल जाणं, या दोन गोष्टी त्यांना स्वतःहून सांग, आणि फोलिकची ५ची गोळी चालू आहे हेही सांग. हे आधी वाच, बाकीचं नंतर निवांत.

मी डॉक्टर नाही. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताच्या स्लाइड लिशमन नावाच्या रंगाने रंगवण्यात आणि त्या दुर्बिणीखाली बघण्यात माझी नोकरी गेली. तुझ्या सासूबाईंसारखे रिपोर्ट मी इतके पाहिलेत की तुझी पोस्ट वाचून गप्प बसवलं नाही.

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, संबंध आहे, आणि तो अगदी थेट आहे. फोलिक शरीरात फिरतं ते मुख्यतः एका रूपात, त्याला मिथाइल फोलेट म्हणतात. पेशीला नवा डीएनए बनवायला फोलिक लागतं, पण या रूपातलं चालत नाही. आधी त्याच्यावरचा मिथाइल गट, म्हणजे एक छोटा रासायनिक तुकडा, काढावा लागतो. तो काढणारं एन्झाइम बी-१२ शिवाय चालत नाही, आणि शरीरात त्या कामाला दुसरा मार्ग नाही. बी-१२ संपलं की फोलिक त्याच रूपात अडकून पडतं. म्हणजे इतवारीच्या गोदामात पोती छतापर्यंत रचलेली आणि उचलायला एकही हमाल नाही. रक्ताच्या तपासणीत आपण गोदाम मोजतो, म्हणून आकडा भरपूर दिसतो. पेशी मात्र उपाशी असते. बी-१२ कमी असलेल्या माणसाचं फोलिक रक्तात नॉर्मल किंवा जास्त दिसू शकतं ते यामुळे. तुमच्याकडे तर वरून गोळीही चालू आहे.

आता गोळी दिल्यावर हिमोग्लोबिन वाढलं कसं? गोळीतलं फोलिक ॲसिड कारखान्यातलं असतं, त्याच्यावर तो मिथाइल गट नसतोच. ते दुसऱ्या दाराने पेशीत शिरतं आणि डीएनएचं काम बी-१२ शिवाय थोडंफार सुरू करून देतं. रक्त सुधारतं. माणूस तरतरीत दिसतो, घरचे खूश होतात, डॉक्टरही पुढचा पेशंट बघतात. पण बी-१२ची नसांसाठीची जी कामं आहेत, ती फोलिकला जमत नाहीत. नसांवरचं आवरण झिजत राहतं. पाठीच्या कण्यातून जाणाऱ्या ज्या तंतूंमुळे आपल्याला डोळे मिटूनही पाय कुठे आहे ते कळतं, त्यांच्यावर पहिला घाव पडतो. तोंड धुताना तोल जाणं हे त्याचं फार जुनं, पुस्तकात सांगितलेलं लक्षण आहे. जोवर डोळे उघडे, तोवर नजर पायांची उणीव भरून काढते. साबण लागला, डोळे मिटले की आधार जातो.

शुगरनेही पायात मुंग्या येतात, खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. पण ज्याचं बी-१२ १३८ आहे त्याच्या मुंग्या नुसत्या शुगरच्या खात्यावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. शुगरची नस सुधारणं अवघड असतं. बी-१२ची नस वेळेत हाती लागली तर सुधारते, उशीर झाला तर काही नुकसान कायमचं राहतं. म्हणून घाई करते आहे.

ही गोष्ट माणसाला कळली त्यात आपल्या मुंबईचाही हात आहे. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणी कामगारांच्या घरातल्या गरोदर बायकांना एक विचित्र पांडुरोग (ॲनिमिया) व्हायचा, लाल पेशी आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी. परनिशस ॲनिमियात (बी-१२ शोषलं न गेल्याने होणाऱ्या पांडुरोगात) चालणारा यकृताचा शुद्ध अर्क या बायकांना लागू पडेना. यीस्टचा अर्क, मार्माइट, लागू पडला. १९३१ मध्ये त्यांनी ते छापलं. दुर्बिणीखाली सारखेच दिसणारे दोन पांडुरोग आणि त्यांची औषधं वेगळी, हे तिथे स्पष्ट झालं. मार्माइटमधला तो पदार्थ म्हणजे फोलेट. पुढे १९४५च्या सुमारास फोलिक ॲसिड कारखान्यात बनायला लागलं आणि परनिशस ॲनिमियाच्या रोग्यांनाही देऊन पाहिलं गेलं. रक्त सुधारलं, पण काहींच्या नसा बिघडत गेल्या, काहींच्या तर भराभर. बी-१२ वेगळं काढलं गेलं १९४८ मध्ये. म्हणजे फोलिक एकटं देण्यातला धोका वैद्यकाला तेव्हापासून माहीत आहे. तरी आजही हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोह आणि फोलिक लिहून दिलं जातं आणि बी-१२ तपासायचं राहून जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ती तपासणी एका ट्यूब रक्ताची असते.

आता एक काम कर. दिवाळीच्या आधीचा, म्हणजे गोळ्या सुरू होण्यापूर्वीचा सीबीसी शोध. त्यात एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि आरडीडब्ल्यू (त्यांच्या आकारातला फरक) किती आहेत ते बघ आणि सगळ्यात खाली स्मिअरबद्दल, म्हणजे रक्ताच्या स्लाइडबद्दल, काही लिहिलंय का ते वाच. बी-१२ कमी असेल तर एमसीव्ही १०० च्या वर जायला पाहिजे असं सगळ्यांना वाटतं. पण आपल्याकडे लोहही कमी असतं. लोहाच्या कमतरतेने लाल पेशी लहान होते, बी-१२च्या कमतरतेने मोठी. मशीन सगळ्यांची सरासरी काढतं आणि एमसीव्ही छान ८८-९० येतो. एका कमतरतेने दुसरी झाकली. आरडीडब्ल्यू मात्र वाढतो, कारण पेशींच्या आकारात फार फरक असतो.

स्लाइडवर हे लपत नाही. लिशमनने रंगवलेली स्लाइड तेलाच्या लेन्सखाली घेतली की एकाच नजरेत फिकट, बारक्या पेशी आणि शेजारी अंडाकृती, टपोऱ्या पेशी दिसतात. आणि पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिलचं जांभळं केंद्रक, ज्याला एरवी तीन-चार पाळ्या असतात, त्याला पाच, सहा पाळ्या, मधे बारीक धाग्यांनी जोडलेल्या. सहा पाळ्यांचा एक न्यूट्रोफिल दिसला तरी आम्ही थांबून पुढची फील्ड नीट बघायचो. फोलिक सुरू झालं की ही खूणही पुसली जाते, म्हणून जुनाच रिपोर्ट पाहिजे.

दादा, तुमचा सल्ला मायेचा आहे, पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. स्पिरुलिनात बी-१२ सारखं दिसणारं जे असतं ते बहुतेक माणसाच्या कामाचं नसतं. काही तपासण्यांत ते मोजलं जातं, शरीर ते वापरत नाही. दही-दूध चांगलंच, पण १०० मिलिलिटर दुधात बी-१२ साधारण ०.४ मायक्रोग्रॅम आणि रोजची गरज दोन-अडीच. ताकात तर निम्म्याहून जास्त पाणी. शिवाय या आजींच्या बाबतीत अडचण पचनात आहे. अन्नातल्या प्रथिनांपासून बी-१२ सुटायला पोटातलं आम्ल लागतं, ते ॲसिडिटीच्या गोळीने कमी झालं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून ते रक्तात जातं, तिथे मेटफॉर्मिन आड येतं. तोंडाने खूप मोठा डोस दिला तर त्यातला सुमारे एक टक्का तसाच शोषला जातो, म्हणजे १००० मायक्रोग्रॅममधले १० वगैरे. ते पुष्कळांना पुरतं. पण नसांची लक्षणं सुरू झालेल्या माणसाला डॉक्टर इंजेक्शननेच सुरुवात करतात. त्याची सवय लागत नाही. न शोषलं जाण्याचं कारण तसंच राहिलं तर कमतरता परत येते, एवढंच.

आणि बेटा, मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नकोस हं.

गृहविज्ञानाची बाई

काकूंनी फार मुद्द्याचं लिहिलंय. मी गृहविज्ञान शिकवत होते, त्यामुळे आहाराच्या बाजूने थोडी भर घालते. हे फोलिक आणि बी-१२ पुरतं नाही. बी गटातली बरीच जीवनसत्त्वं एकमेकांवर अवलंबून आहेत. बी-६ अन्नातून येतं ते जसंच्या तसं चालत नाही, त्याचं काम करणारं रूप व्हायला बी-२ म्हणजे रायबोफ्लेविन लागतं. प्रथिनांतल्या ट्रिप्टोफॅन नावाच्या घटकापासून शरीर स्वतः नायसिन म्हणजे बी-३ बनवतं, साधारण ६० मिलिग्रॅमपासून १ मिलिग्रॅम, पण वाटेत बी-२ आणि बी-६ दोन्ही हवेत. त्यामुळे बी-२ कमी पडलं की मागोमाग दोघांची पंचाईत. ओठांचे कोपरे फाटलेल्या मुलीला आपण नुसतं "पोटात उष्णता झाली" म्हणतो.

क्षयाच्या पेशंटला आयसोनियाझिडसोबत बी-६ची गोळी का देतात, तेही यातलंच. ते औषध बी-६ खाली आणतं, नसांना त्रास होतो, आणि अंगात आधीच कमतरता असेल तर नायसिनही घसरून पेलाग्रा होऊ शकतो: उन्हाला उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळसर चट्टे, जुलाब, विसरभोळेपणा. दख्खनच्या पठारावर नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरीब कुटुंबांत पेलाग्रा दिसायचा, त्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी काम केलं. याचा अर्थ भाकरी वाईट असा घेऊ नका! भाकरीसोबत वरण, दूध, पालेभाजी असली तर काहीच अडचण नाही.

ताई, तुमच्याकडे लोहाची गोळी चालू आहे म्हणून अजून एक. अ जीवनसत्त्व कमी असेल तर शरीरात साठलेलं लोह बाहेर काढून रक्त बनवायला वापरता येत नाही. शेवग्याचा पाला, पपई, गाजर, पालक, अंबाडी, वर थोडं तेल किंवा तूप. आणि जेवणात लिंबू पिळा किंवा सोबत संत्रं द्या, क जीवनसत्त्वामुळे भाजी-डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. संत्री सध्या घरोघरी आहेतच. शुगर आहे तर रस न काढता फोडी खायला द्या. जेवणानंतरचा चहा मात्र तासभर पुढे ढकला.

महालची सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी यांनी सुट्टी काढली. धंतोलीत न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं.

त्यांनी एक लांब चिमट्यासारखं वाजणारं साधन आईंच्या अंगठ्यावर टेकवलं. काहीच कळेना. घोट्यावर ठेवलं, नाही. गुडघ्यावर ठेवल्यावर म्हणाल्या, "आता झिणझिण लागतंय." मग डोळे मिटायला सांगून पायाचा अंगठा वर-खाली केला आणि कुठे आहे विचारलं. आई ठामपणे सांगत होत्या आणि ते बहुतेक वेळा चुकत होतं. मी समोर उभी होते, बघवलं नाही. डॉक्टर म्हणाले शुगरचा थोडा भाग असेल, पण बी-१२चं नक्की आहे. बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली, आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. फोलिकची ५ची गोळी तूर्त थांबवली, पुढे लागली तर बी-१२ सोबत देऊ म्हणाले. लोह चालूच ठेवायला सांगितलं.

जुना रिपोर्ट देवघराच्या कपाटात, पंचांगाखाली सापडला. एमसीव्ही ९१, आरडीडब्ल्यू २१.४. आणि अगदी खाली, सहीच्या वर बारीक अक्षरात लिहिलंय: हायपरसेगमेंटेड (म्हणजे तुम्ही सांगितलेले जास्त पाळ्यांचे) न्यूट्रोफिल्स दिसले, बी-१२ तपासावे. ती ओळ आम्हीही वाचली नाही आणि ज्यांनी औषध दिलं त्यांनीही नाही. डॉक्टरांनी ती पेनने गोल केली.

डीसाठी आठवड्याला एक ६०,००० युनिटची पुडी दिली आहे आणि मॅग्नेशियम तपासायला सांगितलं. डीचा आणि मॅग्नेशियमचा काय संबंध? आणि लोह कशासाठी चालू, आता बी-१२ मिळतंय ना?

लिशमनवाल्या काकू

बरं झालं गेलात. ती ओळ लिहिणाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं, ते बघून समाधान वाटलं.

लोहाचं आधी. बी-१२ नव्हतं तोवर हाडातल्या मगजात रक्त बनवण्याचं काम अडखळत चालू होतं, त्यामुळे लोहाचा खपही कमी. आता इंजेक्शन मिळालं की तो मगज जोरात कामाला लागेल आणि लोह भराभर ओढेल. फेरिटिन १९ म्हणजे साठा आधीच तळाला. बी-१२ देऊनही हिमोग्लोबिन मधेच अडकलं तर बऱ्याचदा लोह संपलेलं असतं. आठवड्याभराने रेटिक्युलोसाइट काउंट वाढलेला दिसेल, म्हणजे नव्या पेशी बनायला लागल्या. तो बघायचा का, डॉक्टरांना विचार.

डी आणि मॅग्नेशियमचं असं की पुडीतलं डी हे कच्चं असतं. यकृतात त्याच्यावर एक प्रक्रिया होते, मूत्रपिंडात दुसरी, तेव्हा ते कामाचं होतं. या प्रक्रियांतल्या एन्झाइमना मॅग्नेशियम लागतं. ते फार कमी असेल तर पुड्या देऊनही हवा तसा परिणाम दिसत नाही. शुगरच्या पेशंटचं मॅग्नेशियम लघवीतून जास्त जातं आणि ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यानेही घटतं, म्हणून सांगितलं असेल. पुडी दुपारच्या मुख्य जेवणानंतर द्या. डीला स्निग्ध पदार्थ लागतो, उपाशीपोटी नको.

कोवळ्या उन्हाबद्दल: डी बनवणारे किरण सकाळी सातच्या उन्हात फारच कमी असतात, ते सूर्य वर आल्यावर मिळतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये त्या वेळी कोण बाहेर बसेल? पाऱ्याने पंचेचाळीस गाठलेलं असतं, बाहेर पडलोच तर दुपट्ट्याने तोंड बांधून. भर उन्हाच्या गावात डी ११ निघतं ते असं. हिवाळ्यात मात्र अकरा-साडेअकराला गच्चीवर हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसवा.

घरात रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवा आणि पायात मागे पट्टा असलेली चप्पल द्या. पायाला काही लागलं तर त्यांना कळणार नाही, म्हणून झोपताना तळवे रोज तुम्हीच बघा.

पाचपावलीचा बाप

काकू, वाचून राहिलो आणि पोटात गोळा आला. माझ्या पोराला सिकलसेल आहे, वय १४. लहानपणापासून फोलिक ५ची गोळी रोज चालू आहे. बी-१२ आजवर कोणी तपासलं नाही. बंद करू का फोलिक?

लिशमनवाल्या काकू

दादा, बंद करू नका. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर फुटतात, मगज सतत नव्या बनवत असतो, म्हणून फोलिक जास्त खपतं. ती गोळी त्यासाठीच आहे. तुम्ही एवढंच करा, पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना बी-१२ची तपासणी लिहून द्यायला सांगा. आकडा २०० ते ३०० च्या मधे आला तर मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासता येतं का विचारा. ते बी-१२ कमी असेल तर वाढतं, फोलिक कमी असून वाढत नाही. होमोसिस्टीन दोन्हींत वाढतं, त्यामुळे ते एकटं पुरत नाही.

मुलगा मांस-अंडी खातो का? हातापायाला मुंग्या, जीभ लाल गुळगुळीत, अक्षर अचानक बिघडणं, चालताना अडखळणं, यातलं काही असेल तर ते सिकलचंच दुखणं म्हणून सोडून देऊ नका, सांगा.

पाचपावलीचा बाप

अंडी खातो, मटण कधीमधी. मुंग्या नाहीत म्हणतो. सोमवारी मेडिकल कॉलेजमध्ये नंबर आहे, कागदावर लिहून नेतो.